जीवा, जेब आणि नंदनाच्या टेकडीवरचा मोजणीदार

मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बसमध्ये लोंबकळत होतो, धड काही बोलता आलं नाही, म्हणून म्हटलं आता निवांत लिहूनच काढू. तू त्या दोन भावांच्या बांधाची मोजणी केलीस, खुणा दाखवल्यास आणि शेवटी दोघंही म्हणाले की मोजणीदार दुसऱ्याने फोडलाय! ऐकून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण तेव्हापासून डोक्यात एक माणूस घोळतोय. तुझ्याच धंद्यातला, फक्त हजार वर्षांपूर्वीचा. अल बिरूनी.

थांब, आधी सुरुवात कुठून झाली ते सांगतो. आमची कन्यका यंदा दहावीला. त्रिकोणमिती चालू झालीय, आणि एक दिवस जेवताना विचारते, बाबा, साईन म्हणजे नक्की काय? मी म्हटलं समोरची बाजू भागिले कर्ण. ती म्हणते ते माहितीय हो, पण त्याला साईन का म्हणतात? आता आली का पंचाईत. शोधत बसलो आणि रात्रीचा एक वाजला.

तर ऐक. आपण वर्तुळात जीवा शिकलो ना, जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, ज्या म्हण किंवा जीवा म्हण. आर्यभट वगैरे मंडळी अर्ध्या जीवेवर गणित करायची, तेच आपलं साईन. आठव्या शतकात, ७७० च्या आसपास, सिंधकडून एक शिष्टमंडळ बगदादला खलिफा अल मन्सूरच्या दरबारात गेलं, त्यांच्याबरोबर ज्योतिषाचा संस्कृत ग्रंथ होता, त्याचं अरबीत भाषांतर झालं. तिथे जीवाचं झालं जीबा. आता अरबीत लिहिताना बारीक स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर राहिलं जवळजवळ ज-ब एवढंच, आणि पुढच्यांनी ते वाचलं जैब. जैब म्हणजे कपड्याचा गळ्याजवळचा घोळ, खिसा. हो, तीच आपली जेब, जेबकतऱ्यातली! मग बाराव्या शतकात युरोपातल्या लोकांनी अरबीवरून लॅटिन केलं, त्यांनी इमानदारीत घोळाला लॅटिन शब्द लावला, सायनस. त्याचं साईन. म्हणजे पोरगी भूमितीच्या तासाला जी जीवा शिकते तीच बगदादमार्गे खिशातून जाऊन पुढच्या धड्यात साईन होऊन येते, आणि दोघींची ओळख कोणी करून देत नाही.

आणि हे एकतर्फी नाही बरं का. तू दिवसभर जे शब्द वापरतोस, रक्कम, हिशोब, जमा, वजा, बाकी, हे सगळे अरबीतून आलेले. रकम म्हणजे मुळात आकडा. आपण त्यांना शून्यासकट अंक दिले (ते अजून त्यांना हिंदी अंकच म्हणतात) आणि त्यांच्याकडून वजाबाकीचा शब्द घेतला, असला हा व्यवहार. अल ख्वारिझ्मीचं नाव तर तुला माहीतच असेल, ८२० च्या सुमाराला बगदादमध्ये होता, त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या अल जब्रचं अल्जिब्रा झालं आणि खुद्द त्याच्या नावाचं अल्गोरिदम. पण त्याच्यावर सगळेच लिहितात, सोड.

मी अडकलो तो बिरूनीपाशी. जन्म ९७३, ख्वारिझमातलं काथ नावाचं शहर, आज ते उझबेकिस्तानात येतं. तेवीस-चोवीस वर्षांचा असताना त्याने काय केलं बघ. त्याला काथ आणि बगदादमधलं रेखांशाचं अंतर काढायचं होतं. तुझ्याकडे आता जीपीएस आहे, खांब रोवला की झालं. त्याच्याकडे घड्याळ जुळवायलासुद्धा काही नाही. मग त्याने बगदादच्या अबुल वफा या मोठ्या गणितज्ञाशी ठरवलं की ९९७ मधलं अमुक चंद्रग्रहण तू तिकडून बघ, मी इकडून बघतो. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी लागतं, पण प्रत्येकाच्या गावची वेळ वेगळी असते. दोघांनी आपापली स्थानिक वेळ टिपली, फरक निघाला साधारण तासाभराचा, आणि एक तास म्हणजे १५ अंश. चंद्रालाच घड्याळ केलं की लेका!

पुढे १०१७ ला गझनीच्या महमुदाने ख्वारिझम घेतलं आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेलं, त्यात हा. स्वखुशीने गेला असं काही म्हणता येत नाही. तोच महमूद, सोमनाथवाला. महमुदाच्या स्वाऱ्या इकडे चालू आणि त्याच राज्यात हा माणूस चव्वेचाळिशी ओलांडून संस्कृत शिकायला बसला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की एखादा शब्द हिंदूंच्या तोंडून ऐकून मोठ्या कष्टाने टिपून घ्यायचो आणि परत त्यांनाच म्हणून दाखवला की त्यांना कळायचाच नाही. (तुझं आणि माझं फ्रेंच आठवलं मला, कॉलेजातलं.)

आता तुझ्या आवडीचा भाग. पंजाबात मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे, आता पाकिस्तानात, झेलम जिल्ह्यात. तिथे त्याला एक टेकडी सापडली, आणि समोर समुद्रासारखं सपाट मैदान. त्याच्या आधी, म्हणजे ८१३ ते ८३३ मध्ये खलिफा मामूनच्या काळात, पृथ्वी मोजायला इराकमधल्या सिंजारच्या माळावर दोन टोळ्या पाठवल्या होत्या, एक उत्तरेला एक दक्षिणेला, दोऱ्या ताणत खुंट्या ठोकत चालायचं आणि ध्रुवाची उंची बरोबर एक अंशाने बदलली की थांबायचं. उत्तर आलं एका अंशाला साधारण ५६ मैल, त्यांचे मैल, आपले नव्हेत. पद्धत बरोबरच आहे पण उन्हातान्हात माणसं किती लागली असतील, तू कल्पना करू शकतोस. बिरूनी म्हणतो माझ्या पद्धतीत वाळवंट तुडवायची गरज नाही.

त्याने काय केलं, आधी खालून दोन ठिकाणांहून शेंड्याचे कोन घेऊन टेकडीची उंची काढली, ती आली ६५२ हात आणि वर थोडी. मग वर चढला आणि क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा किती खाली दिसतं ते मोजलं. ३४ मिनिटं, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासं जास्त. बास. आता पृथ्वीच्या मध्यापासून क्षितिजाच्या बिंदूपर्यंत रेघ मार, तिथे काटकोन होतो, म्हणजे त्रिज्या अधिक टेकडीची उंची, याला त्या कोनाच्या कोसाईनने (लगतची बाजू भागिले कर्ण) गुणलं की परत त्रिज्याच. एकच अज्ञात. दहावीचं गणित आहे हे, मी कन्यकेकडून सोडवून घेतलं. त्याची त्रिज्या आली सुमारे १ कोटी २८ लाख हात.

आता लोक काय करतात, तो हात अर्ध्या मीटरच्या जरा आत धरतात आणि ठोकून देतात की ९९ टक्के बरोबर! मला हे पटत नाही आणि तुलाही पटणार नाही. एक तर हाताची लांबी जरा इकडे तिकडे धरली की उत्तर हवं तसं सरकतं. दुसरं, या गणितात कोनाचा वर्ग येतो, म्हणजे ३४ च्या जागी ३५ मिनिटं वाचली तर त्रिज्या ६ टक्क्यांनी घसरते, आणि हातात धरलेल्या पितळी यंत्रावर एक मिनिट ओळखायचं म्हणजे काय ते तूच सांग. तिसरं, हवेमुळे प्रकाश वाकतो, क्षितिज असतं त्यापेक्षा वर दिसतं, म्हणजे त्याला खरं तर ३२ च्या आसपासच दिसायला हवं होतं. तर उत्तर जमलं त्यात नशिबाचाही वाटा आहे. पण एका माणसाने, एका टेकडीवरून, अख्खी पृथ्वी मोजायची रीत बसवली, त्याला माझा कोपरापासून नमस्कार. हे सगळं त्याने शहरांची स्थानं ठरवण्याच्या पुस्तकात लिहिलंय, १०२५ चं पुस्तक, आणि त्याच साली महमूद सोमनाथला निघाला.

पाच वर्षांनी, १०३० च्या सुमाराला, त्याने हिंदुस्थानावरचा मोठा ग्रंथ पुरा केला. आणि इथे तो मला तुझ्यासारखा वाटतो, दोन भावांच्या बांधावर उभा. इथल्या हिंदूंबद्दल म्हणतो, यांना वाटतं आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखी विद्या नाही. इथल्या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथांबद्दल म्हणतो की मोती आणि शेण एकत्र करून ठेवलंय. झोंबतं ना? पण त्याच पुस्तकात स्वतःच्या धन्याबद्दल लिहितो की महमुदाने या देशाची भरभराट पार धुळीला मिळवली, लोक धुळीच्या कणांसारखे चहूकडे उधळले, आणि म्हणून इथल्या विद्या दूर काश्मीर-काशीकडे निघून गेल्या. महमूद नुकताच मेला होता आणि त्याचा मुलगा गादीवर, अशा वेळी! ब्रह्मगुप्ताला तर तो मनापासून मानतो, पण ग्रहणाच्या प्रकरणात ब्रह्मगुप्त राहूची बाजू घेतो तिथे त्याला पकडतो, की तुला खरं कारण माहीत असून तू असं का लिहिलंस, सॉक्रेटिससारखी मरणाची शिक्षा व्हायची भीती वाटली का. भांडतोय तेही चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी, घरच्यासारखा.

आणि एक गंमत. तो पंडितांसाठी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणत होता, अॅस्ट्रोलेब (ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र) कसा करायचा तेही सांगून लिहून घेत होता, आणि तक्रार करतो की हे लोक ताबडतोब त्याचे श्लोक करतात आणि मग कोणालाच काही कळत नाही.

आपल्या महाराष्ट्रात तो आला नव्हता, पण त्याच्या ग्रंथात वाटांच्या अंतरांमध्ये मऱ्हाटदेश आहे, कोकण आहे, त्याची राजधानी म्हणून ठाणं आहे. कोकणात शरभ नावाचा प्राणी असतो, चार पाय खाली आणि पाठीवरही चार पायांसारखं काहीतरी, शिंगांनी हत्ती फाडतो, हेही आहे, मात्र लोक असं सांगतात असं म्हणून. आपण गडांच्या दरवाज्यांवर शरभ बघतो तेव्हा मी कधी विचारच केला नव्हता की ही ऐकीव बातमी गझनीपर्यंत पोचली असेल.

व्हॉट्सअॅपवर मात्र दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड जोरात आहेत. एका ग्रुपवर सगळं विज्ञान बगदादने शोधलं, दुसऱ्यावर सगळं आपलंच चोरलं. मी दोन्हीकडे जीवा-जैबची गोष्ट टाकली, दोन्हीकडे कोणी उत्तर दिलं नाही, एका काकांनी फक्त हात जोडलेले पाठवले.

तर मुद्द्याचं. डिसेंबरात तुला सुट्टी आहे ना? तुझ्याकडचा तो कोन मोजायचा जुना थिओडोलाइट घे आणि ये, आपण रत्नागिरीला जाऊ, समुद्र समोर, मैदानाची भानगडच नको. समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंच जागा धरली तर क्षितिज १९ मिनिटं खाली हवं, हवेचा वाक धरला तर १८ च्या आत. मी आणि कन्यका गणित करू, तू फक्त वाचून सांग. सकाळची वेळ बरी पडेल असं मला वाटतं, दुपारी धुरकट असतं, पण ते तू ठरव, तुझं खातं आहे. आणि ट्रायपॉड विसरू नकोस, मागच्या वेळेसारखा.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझाच,
बाकावरचा डावीकडचा