जनरेटरचा आवाज आवरता येतो

महोदय,

वीज गेली की बाजारपेठेत दुकानांपुढचे पोर्टेबल जनरेटर धडधडू लागतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल असताना वरच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून बसावे, हे न पटणारे आहे. यंत्राखाली जाड रबर घालून धुराड्याचे तोंड घरांपासून दूर वळवले आणि यंत्र भिंतीच्या कोपऱ्यातून मोकळ्यावर आणले, तर बराच फरक पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. काहीजण यंत्रावर गोणपाट टाकतात, तो मात्र आगीला आवतण देण्याचा प्रकार आहे. नवा जनरेटर घेणाऱ्यांनी भारानुसार इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर जनरेटर घ्यावा, तो महाग असला तरी.

– एक रहिवासी, पुणे