बादल्यांची रांग

गिरगाव, मुंबई

प्रिय नले,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गोळ्या चालू.

झालं असं की एका दिवाळी अंकाला भयकथा पाठवली. संपादक, पोरगाच आहे, फोनवर म्हणतो, "ताई, वातावरण छान जमलंय, पण भीती नाही वाटत. थोडं रक्त टाका ना!" रक्त म्हणजे काय कोथिंबीर आहे, वरून भुरभुरायला?

कथा आपल्या चाळीची. रिडेव्हलपमेंटला गेलेली, सगळ्यांनी किल्ल्या दिलेल्या, लाइट-पाणी तोडलेलं. पहाटे चारला वॉचमन जिना चढतो, तर दुसऱ्या माळ्यावर नळासमोर बादल्यांची रांग. प्रत्येकीवर ऑइलपेंटनं खोलीचा नंबर. बुडं ओली. बस्स. बाई नाही, पैंजण नाही. तू म्हणणार, शेवटी एकदा तरी भूत दिसायलाच हवं. याच वादावरून गच्चीत अबोला धरला होतास ना? आणि नारायण धारपांच्या भयकथा वाचून झाल्या की गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत सोबतीला मीच लागायची!

पण नले, मला घोर वेगळाच लागलाय. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला तो त्या रांगेमुळे, की त्या आपल्या बादल्या म्हणून? ज्याच्या घरी चोवीस तास पाणी, त्याला त्यात काय दिसणार?

म्हणून डिकन्सची भयकथा 'द सिग्नल-मॅन' पुन्हा काढली. 1866 ची. इंग्लंडातलं ते रुळांसाठी खोदलेलं खोल कटिंग ना तू पाहिलंस ना मी, तरी ती वाचल्यावर पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की तू माझा दंड धरायचीस. ओल्या दगडी भिंती, वर आभाळाची चिंधी, बोगद्याच्या तोंडाशी लाल दिवा, हे तर कुणीही लिहील. पण वरून हाक आली की माणूस वर बघतो. हा सिग्नलवाला रुळांकडे बघतो! मग त्याची केबिन: नोंदवही, तारयंत्र, छोटी घंटा. सगळं रोजचं, कंटाळवाणं. आणि बोलता बोलता तो चेहरा उतरून घंटेकडे वळतो, ती वाजलेली नसताना. रोजचं काम आधी दाखवलंय, म्हणून ती न वाजलेली घंटा आपल्याला टोचते. आदल्याच वर्षी, 1865 च्या जूनमध्ये, स्टेपलहर्स्टच्या पुलावर डिकन्सची स्वतःची गाडी घसरली होती. दुरुस्तीसाठी रूळ काढलेले. तो वाचला, पण आजूबाजूची माणसं मेलेली पाहिली. तरी कथेत रक्ताचा थेंब नाही. सांग आता त्या पोराला!

तेव्हा रक्त नाही, मी पाणी घालणार. आधी एक भरलेली पहाट: नळ दोनदा खोकतो, नुसती हवा फुसफुसते, गढूळ धार, मग "आमचा नंबर" वरून जुंपलेली. पुढे रिकाम्या चाळीत, पाइप कापलेला असताना, नळ खोकेल. एवढंच. बादल्या हव्यात की नकोत, हे मात्र ठरत नाहीये. तूच सांग, पण भूत घाल म्हणालीस तर पुन्हा अबोला.

गुडघ्याचं ऑपरेशन आणखी लांबवू नकोस. लेकीची बदली झाली का? जावयांना नमस्कार.

आणि हो, तुमच्या बादलीवर 24 होता की 26? उलटटपाली कळव, अंक छपाईला जायचाय.

तुझी,
विजू