जवळा उपसल्यावर बोंबलाने खायचे काय?

महोदय,

पावसाळी मासेमारीबंदीवरील आपल्या अंकातील लेख वाचला. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी योग्यच आहे. मात्र लेखकाने प्रत्येक मासा सुटा धरला आहे. बोंबलाचे मुख्य खाद्य जवळा. तोच बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांनी उपसला, तर बंदीचा लाभ बोंबलाला कितीसा मिळणार? कोण कोणाला किती खातो आणि त्यातले मच्छीमार किती नेतो, याचा ताळेबंद मांडणाऱ्या ‘इकोपाथ’ या संगणकीय प्रारूपाचा पाया १९८४ मध्ये हवाईतील प्रवाळ परिसंस्थेच्या अभ्यासातून घातला गेला. अर्थात, त्यासाठीची माहिती माशांची पोटे चिरून आणि बंदरावरच्या नोंदी ठेवूनच मिळते. नाशिकच्या बाजारात तळहाताहूनही लहान पापलेटे विकली जातात (घेणारे आम्हीच!), अशा पिल्लांचीही नोंद त्या ताळेबंदात हवी.

– एक वाचक, नाशिक