शेतात उतरलेल्या विमानाजवळ जाताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रशिक्षणाचे छोटे विमान शेतात उतरले की बातमीत ते ‘कोसळले’ असेच येते, आणि वैमानिक बचावला एवढ्यावर बातमी संपते. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीत सेसना १५२ हे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान शेतात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बारामती परिसरात एकाच आठवड्यात दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाला. अशा वेळी सगळ्यांत आधी पोहोचतात ते शेजारच्या रानातले लोक. त्यांनी काय करावे, हे मात्र कोणी छापत नाही.

इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही. सेसना १५२ चा वेग ६० नॉट (ताशी सुमारे १११ किलोमीटर) राखला, तर तीन हजार फुटांवरून ते साधारण आठ किलोमीटर तरंगत जाते. हाताशी चारेक मिनिटे मिळतात. तेवढ्यात वैमानिक वाऱ्याच्या तोंडाचे शेत निवडतो, कार्ब्युरेटर हीट (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा) देऊन इंजिन पुन्हा चालते का ते पाहतो आणि रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा इशारा पुकारतो. इंजिनाने दाद दिली नाही, तर टेकण्यापूर्वी इंधन, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारे यंत्र) आणि शेवटी विजेचा मास्टर स्विच बंद करून दारांच्या कड्या सोडतो. दार वाकून अडकू नये म्हणून हे आधीच करायचे असते. पण उड्डाण होताच पाच-सहाशे फुटांवर इंजिन गेले, तर यातले बरेच राहून जाते. इतक्या खालून धावपट्टीकडे वळणे जिवावर बेतते. वळताना वेग पडतो आणि पंख साथ सोडतात. म्हणून नाकासमोर, फार तर थोडे डावी-उजवीकडे, जे रान दिसेल त्यातच उतरायचे. काळ्या ओल्या रानात पुढचे चाक रुतते आणि विमान उलटते.

उलटलेल्या विमानात माणूस पट्ट्याला लटकलेला असतो. घाईने पट्टा कापला तर माणूस डोक्यावर पडतो आणि मान मोडू शकते. आधी एकाने खांद्याखाली आधार द्यावा, दुसऱ्याने कमरेला धरावे, मगच पट्टा सोडावा. आग किंवा पेट्रोलची गळती नसेल आणि जखमी शुद्धीवर असेल, तर त्याला ओढून काढू नये. १०८ ची वाट पाहावी.

दोन्ही पंखांतल्या टाक्या मिळून जवळपास ९८ लिटर इंधन मावते. हे निळसर विमान-पेट्रोल चटकन पेटते. विमान उलटले की ते झाकणातून आणि हवेच्या नळीतून गळत राहते. जवळ जाताना वारा पाठीवर घ्यावा. विडी-काडी लांबच ठेवावी, ट्रॅक्टरही जवळ आणू नये. विजेची तार विमानाला लागली असेल, तर महावितरणने लाइन बंद केल्याचे कळेपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये.

विमानाच्या नाकावरच्या पंख्याला (प्रोपेलरला) हात लावू नका, हे प्रत्येक गावात सांगितले पाहिजे. मॅग्नेटोला ठिणगी पाडायला बॅटरी लागत नाही. अपघातात त्याची अर्थिंगची तार तुटली असेल, तर किल्ली बंद असूनही पंखा हाताने फिरताच इंजिन धक्का घेऊ शकते.

माणसे बाहेर आली की बाकी काही हलवू नये. नियमही तेच सांगतो आणि अपघाताचे कारणही तिथेच सापडते. पावसाळ्यात झाकणाच्या रबरातून पाणी टाकीत शिरते, अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री दव धरते. पेट्रोलपेक्षा जड असल्याने हे पाणी तळाशी बसते आणि इंजिनात गेले की ते बंद पडू शकते. म्हणून रोज पहिल्या उड्डाणापूर्वी तळाच्या तोटीतून नमुना काढून पाहायचा असतो. तपास करणारे हाच नमुना शोधत येतात. तेव्हा कोणी टाकी रिकामी केली असेल, तर पुरावाच गेला. कार्ब्युरेटरमधला बर्फ तर ते येईपर्यंत वितळलेला असतो. दमट हवेत, बाहेर २५ अंश असतानाही, इंजिन मंद ठेवून उतरताना तो धरतो. मग कार्ब्युरेटर हीटचा दांडा कुठल्या स्थितीत होता, यावरून अंदाज बांधावा लागतो. म्हणूनच कॉकपिटमधले खटके कोणी ‘बघू’ म्हणून ओढू नयेत. सुटकेसाठी एखादा फिरवावाच लागला, तर कोणता ते पोलिसांना लगेच सांगावे.

बारामती, शिरपूर, गोंदिया या प्रशिक्षण केंद्रांभोवतीच्या ग्रामपंचायतींना आपल्या अंकातून एवढे पोहोचावे, ही विनंती.

आपला,
एक विमान देखभाल अभियंता, बारामती