दिवस उगवायच्या आधीचे तीन दिवस

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बायबलमधल्या सृष्टीच्या गोष्टीवर जो लेख आलाय तो मी दोनदा वाचला, एकदा चहाबरोबर आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की हिब्रूतला ‘योम’ हा शब्द म्हणजे युग, मग सहा दिवस म्हणजे सहा युगं, म्हणजे कोट्यवधी वर्षं, म्हणजे बायबल आणि सायन्स यांचं जमलं, विषय संपला. इतक्या लवकर नाही हो संपत हा विषय. म्हणून लिहायला बसलोय, पत्र लांबलं तर कात्री लावा, पण मधनं लावू नका, शेवटनं लावा.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर तीस वर्षं मास्तरकी केली. घर ख्रिस्ती, आजोबांपासून. रिटायर झाल्यावर वेळ जाईना म्हणून बेळगावात एका पाद्रीसाहेबांकडं दर गुरुवारी हिब्रूची अक्षरं गिरवली, दोन वर्षं, उजवीकडनं डावीकडं लिहिताना हात कसा अवघडतो ते शिकणाऱ्यालाच माहीत. पंडित वगैरे नाही झालो, पण बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचा पहिला अध्याय बोट ठेवून वाचता येतो, आणि तेवढ्यावरच बोलतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘योम’ला डिक्शनरीत युग हा सरळ अर्थ नाही. योम म्हणजे दिवस. आपल्या ‘दिवस’सारखाच लवचिक, एवढंच. गंमत बघा, पाचव्याच ओवीत (ओवी नव्हे, वचन म्हणायला पाहिजे, सवय जात नाही) हा शब्द दोनदा येतो आणि दोन्हीकडं अर्थ वेगळा. देवाने उजेडाला ‘योम’ म्हटलं, तिथं तो रात्रीच्या उलटा, म्हणजे बारा तासांचा. लगेच पुढं संध्याकाळ झाली सकाळ झाली, एक ‘योम’, तिथं तो रात्रीसकट. मराठी बायबलात दोन्हीकडं ‘दिवस’च आहे आणि आपल्याला काही खटकत नाही. आमची सून कन्नड मीडियमची, ती तिचं बायबल घेऊन बसली तर त्यात उजेडाला ‘हगलु’ आणि पूर्ण दिवसाला ‘दिन’, चक्क दोन शब्द. कन्नडला तिथं निवड करावी लागली, मराठीला लागली नाही, मराठीत हिब्रूची ती संदिग्धता आपोआप राहिली. आता आमच्या सीमाभागात कुठली भाषा सरस यावरनं बोर्ड फुटतात, म्हणून आधीच सांगतो, मी कुणाची बाजू घेत नाही, सुनेचं बायबल वाचूनच मला माझं नीट कळलं.

आणि आपला ‘दिवस’ तरी किती ताणतो बघा की. बाईला दिवस जातात, दिवस भरतात, माणूस गेला की दिवस घालतात, आमच्या दिवसांत असं नव्हतं म्हणतो, आणि सीमाप्रश्नाचा निकाल ‘थोड्या दिवसांत’ लागणार हे तर १९५६ पासून ऐकतोय. यातल्या एकाही ठिकाणी चोवीस तास धरून चालत नाही. म्हणून काय ‘दिवस’ म्हणजे युग? नाही. अर्थ वाक्य ठरवतं, सुटा शब्द नाही ठरवत. लेखकाची चूक नेमकी इथं झाली असं मला वाटतं. उत्पत्तीच्याच दुसऱ्या अध्यायात चौथ्या वचनात ‘परमेश्वराने पृथ्वी व आकाश केले त्या दिवशी’ असं आहे, तिथं ‘ब-योम’ म्हणजे नुसतं ‘जेव्हा’, सगळे सहा दिवस त्या एका दिवसात मावतात. पण म्हणून पहिल्या अध्यायातला मोजलेला, संध्याकाळ-सकाळ लावलेला योमही तसाच सैल आहे हे सिद्ध होत नाही.

याच्या उलट दुसरी पार्टी. ती म्हणते आकडा लागला की योम म्हणजे चोवीस तासच, वाद नको. त्यांना विचारावं वाटतं, ‘चार दिवस सासूचे चार दिवस सुनेचे’ यात आकडा नाही का? शहाण्णव तास सासूचे? हिब्रूतही होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात ‘दोन दिवसांनी तो आम्हाला जिवंत करील, तिसऱ्या दिवशी उठवील’ असं लोक म्हणतात, तिथं घड्याळ लावून कोणी बसलेलं नाही. तरी एक खरं, उत्पत्तीत नुसता आकडा नाही, आकड्याबरोबर सहाही दिवसांना संध्याकाळ आणि सकाळ आहे, आणि ते पालुपद सहज झटकून टाकता येत नाही.

आता आमच्या आईचं सांगतो. आई येळ्ळूरकडची, वय अठ्ठ्याऐंशी, शाळेत दुसरीपर्यंत. तिला मी अध्याय वाचून दाखवत होतो. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडं खेड्यात सूर्याला सूर्य कोण म्हणतंय, दिवस उगवला, दिवस डोक्यावर आला, दिवस बुडाला. पहिला दिवस झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, झाडं उगवली, आणि मग चौथ्या दिवशी देवाने सूर्य केला. आई म्हणाली, म्हणजे दिवस चौथ्या दिवशी उगवला होय? मग आधीचे तीन दिवस कशाचे रे?

मी गप्प. पाद्रीसाहेबांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले हाच प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने विचारलाय, सूर्य चंद्र तारे नसताना पहिला दुसरा तिसरा दिवस आणि त्यांची संध्याकाळ-सकाळ कोण शहाणा शब्दशः धरेल म्हणून. नंतर संत ऑगस्टिननेही लिहिलं की हे दिवस कसले होते ते कळणं आपल्याला फार अवघड. म्हणजे डार्विन यायच्या दीड हजार वर्षं आधीपासून लोक इथं अडखळतायत. तुमच्या लेखात मात्र असं दिसतं की सायन्सने गाठलं म्हणून चर्चने नवीन अर्थ शोधला. तसं नाही, अडखळायची जागा मजकुरातच आहे. (उलट आयर्लंडच्या अशर बिशपने १६५० साली हिशोब करून सृष्टी इसवी सनपूर्व ४००४ च्या ऑक्टोबरात बसवली, ती तारीख पुढं इंग्रजी बायबलांच्या समासात छापली गेली आणि लोकांना वाटलं ती बायबलातलीच. छापलेल्या समासाची किंमत तुम्हाला सांगायला नको.)

चौथ्या दिवसाचं अजून एक. सूर्य-चंद्र कशासाठी केले ते तिथंच दिलंय, खुणांसाठी, ‘मोअदीम’साठी, दिवसांसाठी आणि वर्षांसाठी. त्याचं एकवचन ‘मोएद’, म्हणजे ठरवलेली वेळ, सणाची वेळ. मराठीत ‘ऋतू’ असं भाषांतर बघितलंय, ते जरा पातळ वाटतं. मोएदच्या धातूचा सख्खा भाऊ अरबीत आहे आणि त्याच्यावरनंच आलेला शब्द आपण रोज वापरतो, वायदा. उसाचं बिल देतो म्हणून वायदा करतात बघा, तोच. म्हणजे सूर्य-चंद्र हे देवाच्या वायद्याची तारीख दाखवणारे. योमचं पण तसंच, अरबीतला यौम हा त्याचाच भाऊबंद.

संध्याकाळचा शब्द ‘एरेव’. आमच्या शेजारी एक चाचा आहेत, सायकलचं दुकान, त्यांना हे सांगत होतो तेवढ्यात मगरिबची अजान झाली. एरेव आणि मगरिब एकाच मुळाचे, दोन्हीत सूर्य मावळणं आहे. चाचा म्हणाले आमचा दिवस मगरिबलाच बदलतो, म्हणून तर गुरुवारला जुम्मेरात म्हणतात, ती जुम्म्याची रात्र, आधी रात्र मग दिवस. माझ्या डोक्यात एकदम लाइट लागली. ज्यूंचाही हिशोब असाच, शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सुरू. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली नाव पडलं, त्यांचाही शनिवार शुक्रवारच्या दिवेलागणीला लागायचा. आणि आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरवाला रात्री बाराला. एकाच गल्लीत तीन ठिकाणी तारीख बदलते आणि कोणाचं काही अडत नाही.

पण मग ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ म्हणजे दिवस संध्याकाळपासून मोजला असंच ना? इथंही वाद आहे. राशी म्हणून बायबलवर टीका लिहिणारा नावाजलेला ज्यू पंडित, त्याचा नातू राश्बाम बाराव्या शतकात म्हणाला की मजकुरात रात्र झाली दिवस झाला असं नाहीच, देवाने उजेडात काम केलं, मग संध्याकाळ झाली, मग पहाट फुटली, तिथं एक दिवस पुरा झाला. म्हणजे दिवस सकाळपासून सकाळपर्यंत. यावर शब्बाथच मोडीत निघतो म्हणून त्याच काळातल्या इब्न एझ्रा ह्या ज्यू पंडिताने ह्या अर्थाच्या विरोधात अख्खं पत्र लिहिलं, ११५८ साली. (पत्रलेखकांची परंपरा जुनी आहे साहेब.) मला विचाराल तर वाचताना राश्बामचं पटतं. शेतात राबणाऱ्या माणसाचा दिवस तसाच असतो, उजेडात काम, सांज झाली की हत्यार खाली, परत तांबडं फुटलं की दुसरा दिवस.

पहिल्या दिवसाला तर हिब्रूत ‘पहिला’ म्हटलेलंच नाही. ‘योम एहाद’, एक दिवस. पुढं दुसरा, तिसरा, चौथा असं नीट आहे. राशी म्हणतो तेव्हा देव आपल्या जगात एकटाच होता म्हणून ‘एक’. रामबान ह्या दुसऱ्या ज्यू टीकाकाराचं सोपं आहे, दुसरा झाल्याशिवाय पहिला म्हणता येत नाही. बरोबरच की, एकच लग्न झालेला माणूस घरात ‘माझी पहिली बायको’ म्हणून बघू दे.

‘हजार वर्षं देवाला कालच्या दिवसासारखी’ हे बायबलातल्या स्तोत्र ९० मधलं वाक्य घेऊन लेखकाने गुणाकार केलाय. त्याच वचनात पुढं आहे की ती हजार वर्षं रात्रीच्या एका प्रहरासारखी. मग हजार वर्षं म्हणजे दिवस का प्रहर? कविता आहे ती, तिला पाढे लावायचे नाहीत. आपल्याकडं ब्रह्मदेवाचा दिवस हजार महायुगांचा असं गीतेच्या आठव्या अध्यायात येतं, पण तिथं ग्रंथच माप सांगतो. उत्पत्तीत कुणी माप सांगितलेलं नाही, आपण बाहेरनं आणून का लावावं?

मग मी काय म्हणतो? माझं मत असं की लिहिणाऱ्याच्या मनात साधाच दिवस होता, आपला, कामाचा, आणि असे सहा दिवस राबून सातव्याला बसायचं असा आठवडा त्याला उभा करायचा होता, निर्गम ह्या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकात विसाव्या अध्यायात आज्ञा देताना तेच कारण दिलंय. पण तो आठवडा देवाचा आहे, म्हणून सूर्य नसताना चालतो, आणि सातव्या दिवसाला तर ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ हे पालुपदच नाही. सहा वेळा आलं आणि सातव्या वेळी गायब. तो दिवस मावळलेलाच नाही. ह्या एका जागेवर तुमच्या लेखात अक्षर नाही याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण जुने वाचणारे इथंच थांबत आलेत.

मराठीत भाषांतराचं काम हिब्रूवरनं थेट करणारी पंडिता रमाबाई, जन्म आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात, १८५८ चा, केडगावात बसून तिने अख्खं बायबल मराठीत आणलं, छापून झालं १९२४ ला, ती जाऊन दोन वर्षं झाल्यावर. लेखात भाषांतरांचा एवढा परिच्छेद आहे आणि तिचं नाव नाही. आणि आपल्या बेळगावात जन्मलेले ख्रिस्ती मराठी लेखक बाबा पदमनजी पण नाहीत. परगावच्या पेपरात चाललं असतं, आपल्यात नको.

शेवटी एक दुरुस्ती तेवढी छापा. योमचं अनेकवचन ‘योमीम’ नाही, ‘यामीम’ आहे, लेखात तीन ठिकाणी चुकलंय. पुढच्या रविवारी घेतलीत तर टाइप जरा मोठा ठेवा, आईला दाखवायचंय. तिच्या तीन दिवसांचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही, ती रोज दिवस बुडताना विचारते.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त मास्तर, खानापूर