एप्रिलचा पैसा: एक आभारपत्र

आदरणीय ताई,

गोव्यातल्या सत्तरी-डिचोली भागात काजू भाजून विकणाऱ्या आम्हा छोट्या युनिटवाल्यांचा नमस्कार.

ब्रँडिंग म्हटलं की लोक लोगोपासून सुरुवात करतात. आम्ही आमच्या ब्रँडसाठी सल्ला मागितला, तेव्हा तुम्ही आधी खरेदीची वही मागितलीत आणि विचारलंत, "एप्रिलमध्ये तुमचा पैसा कुठे अडकलेला असतो?" या प्रश्नाबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

वर्षभर विकायच्या काजूच्या बिया मार्च ते मे याच काळात घ्याव्या लागतात, त्याही रोखीने. चार ते साडेचार किलो बियांतून एक किलो गर मिळतो. म्हणजे 250 ग्रॅमची 4000 पाकिटं विकायची, तर चार टनांहून जास्त बिया पावसाआधी गोदामात हव्यात. कोकमं आणि कैऱ्याही नेमक्या याच दिवसांत येतात. सरबत, लोणचं, मसाले आणि काजू असं सगळंच करायला गेलं, की चारही माल एकाच वेळी पैसे मागतात आणि बिया कमी भरल्या जातात. मग दिवाळीच्या गिऱ्हाइकीला गोव्याचा काजू संपलेला असतो आणि बाहेरून आयात झालेल्या बिया मिसळायचा मोह होतो. ब्रँड तिथेच बुडतो.

हिशेबाची तुमची रीतही साधी. प्रत्येक मालाच्या विक्री किमतीतून जीएसटी, दुकानदाराचं कमिशन, कच्चा माल, मजुरी, पाकीट आणि परत आलेला माल वजा करायचा. जे उरेल त्याला, पैसा जितके महिने अडकतो तितक्याने भागायचं. मार्जिन मोठं दिसणारे कितीतरी माल या भागाकारात खाली घसरतात.

मग तुम्ही एकच माल ठरवायला लावलात: गोव्याच्याच बियांचा, सालीसकट भाजलेला, डब्ल्यू 240 गर. पाउंडात 220 ते 240 गर बसतात ती ही प्रत. लहानमोठे गर एकत्र भाजले, तर लहान करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात. म्हणून प्रत पाळणं हा चवीचाच भाग आहे, हे तुम्ही भट्टीपाशी उभं राहून दाखवलंत. बिया आठ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणं, पोती लाकडी फळ्यांवर रचणं, गावागणिक पोत्यांना वेगळी खूण आणि वेगळं बिल ठेवणं, हेही त्यातच आलं. पाकिटावर 'गोव्याचा' लिहिलं, की कोणी विचारताच बिल काढून दाखवता आलं पाहिजे.

नावाबद्दलचा सल्ला तर लाखमोलाचा. 'गोवा काजू' हे नाव कोणा एकाला ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही. ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम 9 मालाचं वर्णन करणारे किंवा ठिकाण सांगणारे शब्द अडवतं. या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागातल्या मालाची कायदेशीर ओळख मिळाली, पण ती तिथल्या सगळ्या उत्पादकांची. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची आणि स्वतःचं वेगळं नाव ट्रेडमार्क म्हणून वर्ग 29 मध्ये, म्हणजे प्रक्रिया केलेला सुकामेवा ज्यात येतो त्या गटात, नोंदवायचं. ही दोन कामं दोन वेगळ्या कायद्यांखालची आहेत, हे इतक्या सोप्या शब्दांत आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

पाकिटावर तुम्ही फार वेळ घालवला नाहीत, तेही बरंच झालं. छापील पाऊचला प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा सिलिंडर लागतो आणि ऑर्डरही मोठी द्यावी लागते. म्हणून पहिला हंगाम साधा पाऊच आणि चांगलं स्टिकर, मापं दोनच.

सर्वांत अवघड होतं ते 'नाही' म्हणणं. पणजीचा दुकानदार म्हणतो, "सोबत कोकमही द्या, तरच काजू ठेवतो." अशा वेळी काय बोलायचं, हेही तुम्ही सांगून ठेवलंत: कोकम करणाऱ्या शेजारच्या बचत गटाचा नंबर द्यायचा. दुकानाची गरज भागते आणि आपला एप्रिलचा पैसा बियांतच राहतो.

ताई, हे सगळं तुम्ही फी न घेता, शनिवार-रविवार खर्चून केलंत. आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. येत्या मार्चमध्ये पहिली पोती उतरतील तेव्हा खरेदीची वही तपासायला नक्की या.

आपले,
सत्तरी-डिचोलीतील काजू व्यावसायिक