चित्रं काढायची कुठे?

माझे पती गिरणगावात वाढलेले चित्रकार. १९८२च्या संपानंतर ओस पडत गेलेल्या गिरण्यांची चित्रमालिका त्यांनी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत रंगवली. टर्पेंटाइनच्या वासाने मुलाचा खोकला हटेना, म्हणून त्याला दोन वर्षं गावी आजीकडे ठेवावं लागलं. फ्रेमांसाठी माझ्या बांगड्या गहाण पडल्या, त्याचं काही वाटत नाही. मुलाची ती दोन वर्षं मात्र परत येत नाहीत. मुंबईत कला शिकवायला १८५७पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, दाखवायला १९५२पासून जहांगीर कलादालन. पण चित्रं काढायला जागा? पालिकेने बंद पडलेल्या मराठी शाळांचे रिकामे वर्ग चित्रकारांना माफक भाड्याने द्यावेत. सुरुवात परळ-लालबागपासून व्हावी.

– एका चित्रकाराची पत्नी, लालबाग, मुंबई